न्हाऊ घालणाऱ्याचा वाटा

मित्राच्या आईचा, बुबुश आपांचा, फोन आला तेव्हा जापार स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभा राहून कालच्या पावाचा तुकडा चहात बुडवत होता. एरवी आपांच्या फोनची सुरुवात लांबलचक असते. तब्येत, केन्जेची तब्येत, कझानला असलेल्या लेकीची तब्येत, आणि शेवटी गुरंढोरं बरी आहेत का, असंही त्या विचारतात. बिश्केकच्या नऊ मजली इमारतीत राहणाऱ्या माणसाला गुरं कुठून असणार, पण विचारायची रीत आहे म्हणून विचारतात. आज त्यांनी यातलं काहीच विचारलं नाही. "मुकाशचा कॉम्प्युटर चालतो ना रे?" एवढंच म्हणाल्या. आणि जापार म्हणाला, "चालतो, आपा." शब्द तोंडातून गेल्यावर त्याला कळलं की आपण काय बोललो. आपा म्हणाल्या, "मग शुक्रवारी येते. शनिवारी त्याच्या वर्षाचं जेवण, त्याआधी एकदा चालताना बघते," आणि त्यांनी फोन ठेवला. तो दिवस मंगळवार होता. पाव चहात विरघळून तळाशी बसला होता, आणि जापारने तो चहा तसाच मोरीत ओतून दिला.

त्याला खोटं बोलायची सवय नव्हती. तांत्रिक महाविद्यालयाच्या कॉम्प्युटरच्या प्रयोगशाळेत त्याने अठ्ठावीस वर्षं काढली होती, आणि यंत्रांशी खोटं बोलून काही साधत नाही. ती बिघडलेली असली तर बिघडलेलीच राहतात, तुम्ही कितीही गोड बोला. म्हणून या खोट्याने तो जरा भांबावला. ते लहानसं होतं, म्हाताऱ्या बाईला बरं वाटावं म्हणून बोललेलं, असं म्हणून सोडून देता आलं असतं. पण कॉम्प्युटर चालत नव्हता असंही त्याला छातीठोकपणे सांगता आलं नसतं. अकरा महिने तो बंदिस्त बाल्कनीत पडून होता, लोणच्याच्या टोमॅटोच्या बरण्या आणि बटाट्याचं पोतं यांच्या मधोमध, अंगावर जुनी चादर आणि चादरीवर केन्जेचं कपडे भिजवायचं घमेलं घेऊन. आणि जापारने त्याला एकदाही विजेला जोडला नव्हता.

"कुणाचा फोन?" केन्जेने आतून विचारलं.

"आपांचा. शुक्रवारी येतायत. कॉम्प्युटर बघायला."

"म्हणजे माझं घमेलं हललं," केन्जे दारात येऊन म्हणाली. "आणि तू काय सांगितलंस?"

"चालतो म्हणालो."

"वा! लग्नाला चौतीस वर्षं झाली, मला कधी एवढं गोड खोटं बोलला नाहीस." ती हसली, पण त्याच्याकडे बघून तिने हसणं आवरतं घेतलं आणि बरण्या उचलायला बाल्कनीत गेली.

वाटा मिळाला की तो वापरायचा असतो, हे जापारला लहानपणापासून माहीत होतं. माणूस गेला की त्याला न्हाऊ घालणाऱ्यांना त्याच्या कपड्यालत्त्यातलं काही ना काही मिळतं. आणि ते वर्षाच्या जेवणाला अंगावर घालून यायचं, म्हणजे घरच्यांना दिसतं की आपल्या माणसाची वस्तू हिंडतेफिरते आहे. केन्जेची आई तर म्हणायची, कोट नुसता खिळ्याला टांगून ठेवला तर मेलेल्याला तिकडे हुडहुडी भरते. गेल्या वर्षी एप्रिलात मुकाश गेला तेव्हा त्याच्या इमारतीखाली, जिथे एरवी गाड्या लावतात तिथे तंबू उभारला होता, आणि वरच्या मजल्यांवरची मुलं खिडक्यांतून त्याच्या गोल छपराकडे बघत होती. पडद्याआड पाच जण होते. चुलतभाऊ, शेजारी, दोन जाणती म्हातारी माणसं, आणि पाचवा जापार. आपांनीच त्याचं नाव घेतलं होतं. त्याच्याकडे आधी चोचीची सुरई होती, पाण्याची धार धरायला. मग म्हाताऱ्यांपैकी एकजण म्हणाला, उजवीकडून सुरू करायचं असतं, उजवा हात तू धर. हात जड होता. इतक्या वर्षांत त्या हाताशी हस्तांदोलन करताना त्याचं वजन कधी कळलं नव्हतं. चादरीखाली, हाताला फडकं गुंडाळून, न बघता धुवायचं असतं, आणि जे दिसेल ते पडद्याबाहेर न्यायचं नसतं. जापारला काहीतरी दिसलं होतं. ते त्याने केन्जेलाही सांगितलेलं नाही, तेव्हा इथे सांगायचं कारण नाही.

मग वाटे झाले. ओव्हरकोट चुलतभावाला, केसाळ टोपी शेजाऱ्याला, एकाला बूट, एकाला कोट आणि विजार. जापारची पाळी आली तेव्हा आपांनी कोपऱ्याकडे बोट केलं आणि म्हणाल्या, "तो डबा जापारला." कुणीतरी मागून कुजबुजलं, "कपडे संपले वाटतं." एक म्हातारा तर उघडच म्हणाला, "कॉम्प्युटर कुणी अंगात घालतं का, बाई?" आपांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. जापार तो करड्या रंगाचा डबा छातीशी धरून चार मजले उतरला, आणि उतरताना त्याला कानकोंडं झालं होतं. वस्तू विचित्र होती म्हणून नव्हे, तर त्या घरातल्या कुठल्याही वाट्यावर आपला हक्क नाही हे त्याला एकट्याला माहीत होतं म्हणून.

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. भांडणाला तारीख असते, कारण असतं, कुणाचं चुकलं ते ठरवता येतं. तसं काहीच झालं नव्हतं. तो कॉम्प्युटर त्याने आणि मुकाशने मिळून घेतला होता, सोळा वर्षांपूर्वी, शहराबाहेरच्या, मालवाहू कंटेनरांत थाटलेल्या बाजारात एकेक भाग निवडून. मुकाश शाळेत भूगोल शिकवायचा, त्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, तो नुसता पिशवी धरून मागून चालायचा आणि दर दुकानात विचारायचा, "हे कशाला लागतं, जापा?" घरी आल्यावर जापारने जमिनीवर वर्तमानपत्र पसरून तो जोडला, आणि पहिल्यांदा पडद्यावर उजेड आला तेव्हा मुकाशने टाळ्या वाजवल्या होत्या. त्यानंतर रविवार ठरून गेला. महिन्यातून एकदोनदा सकाळी अकराला जापार जायचा. कधी आवाज गेलेला असायचा, कधी छपाई व्हायची नाही, कधी काहीच बिघडलेलं नसायचं आणि आपा नुसतंच तुपात तळलेलं काही पुढे करायच्या. मुकाश तेव्हा डोंगरातल्या झऱ्यांची यादी करत होता. शहराच्या दक्षिणेच्या खोऱ्यांत हिंडून कुठला झरा कुठे, पाणी कसं, उन्हाळ्यात आटतो का, जवळ कुठलं झाड, असं सगळं तो टिपून ठेवायचा. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी छापणार नव्हतं. मग एका रविवारी जापारचा गुडघा दुखला. पुढच्या खेपेला बर्फ पडला. तिसऱ्या वेळी काहीच कारण नव्हतं, आणि आधी दोनदा गेलो नाही याची शरम तेवढी होती. मग ती शरमच कारण झाली. मुकाश फोन करायचा. "मंद झालाय रे फार. घड्याळपण मागे जातं त्याचं. येऊन बघतोस का?" "येतो या रविवारी," जापार म्हणायचा. असं तीन वर्षं चाललं. एकदा प्रयोगशाळा बंद व्हायच्या धामधुमीत त्याने वैतागून म्हटलं होतं, "फेकून दे तो, मुकाश. नवा घे." पलीकडून मुकाश म्हणाला, "फेकायचा कसा? तूच जोडलायस की." त्यात टोमणा नव्हता, हे जापारला तेव्हाही कळलं होतं आणि म्हणूनच ते मनातून जात नव्हतं.

मंगळवारी दुपारी त्याने डबा स्वयंपाकघरातल्या टेबलावर आणला. चादर काढली, मागचे स्क्रू काढले, बाजूचा पत्रा सरकवून उतरवला. आत धूळ होती. पंख्याच्या पात्यांवर ती लोकरीचा नमदा लाटल्यासारखी दाट बसली होती, आणि तिला मुकाशच्या घराचा वास होता, तळणीचा, जुन्या पुस्तकांचा आणि आपांच्या औषधी तेलाचा. जापारने रंगाचा मऊ कुंचला घेतला आणि वरून खाली, उजवीकडून सुरुवात करून, धूळ काढायला लागला. उजवीकडून आपण का सुरू केलं हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याचा हात थांबला. हे लोखंड आहे, प्लास्टिक आहे, त्याने स्वतःला बजावलं. उगाच डोक्यात काही घेऊ नकोस. पण हात पुन्हा सुरू झाला तो हळूच, आणि केन्जेने रेडिओ लावला तेव्हा त्याने तिला तो बंद करायला सांगितलं. तिने काही न विचारता बंद केला. स्मृतीच्या पट्ट्या काढून त्याने त्यांच्या सोनेरी कडा शाळकरी खोडरबरने घासल्या. ही युक्ती त्याने शेकडो विद्यार्थ्यांना शिकवली होती आणि तिच्यावर कुणाचाही चटकन विश्वास बसायचा नाही. पंख्याला शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब दिला. सगळं परत बसवलं. बुधवारी सकाळी वीज जोडली तेव्हा डबा आधी खाकरला, मग घरघरला, आणि अठरा मिनिटांनी पडद्यावर मुकाशने लावलेलं सरोवराचं चित्र अर्धंच आलं. उरलेलं अर्धं आलंच नाही. माउस हलेना, कळफलक दाद देईना. यंत्र मेलेलं नव्हतं. त्याच्या अंगावर एवढं ओझं होतं की त्याला पाऊल टाकता येत नव्हतं, इतकंच.

अशा म्हाताऱ्या यंत्रांसाठी हलक्या यंत्रणा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, मिळतात, फुकट, जगात कुठे कुठे बसलेली हौशी माणसं त्या करत असतात. आख्खी यंत्रणा एका सिनेमाच्या निम्म्या जागेत मावते आणि हार्ड डिस्कला हात न लावता नुसत्या सीडीवरूनही चालते. जापारला हे ठाऊक होतं, निवृत्तीच्या आदल्या वर्षी त्याने प्रयोगशाळेतले सहा डबे असेच उठवले होते. तरीही तो तोंडावर आपटला. घाईघाईने त्याने सगळ्यात नवी आवृत्ती उतरवून घेतली, ती पेन ड्राइव्हवर चढवली, आणि डब्याने पेन ड्राइव्हकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्याच्या जन्माच्या वेळी असल्या गोष्टींवरून सुरू व्हायचं कुणी त्याला शिकवलंच नव्हतं. मग खणातून कोरी सीडी शोधली, तिच्यावर तीच आवृत्ती उतरवली, आणि डब्याने पांढऱ्या अक्षरांत दोन ओळीत सांगितलं की हे माझ्या ताकदीच्या प्रोसेसरसाठी नाही.

"काय म्हणतोय?" केन्जेने कणीक मळता मळता विचारलं.

"म्हणतोय, माझं वय विसरलास."

"बरोबर बोलतोय. तूही विसरतोस, स्वतःचं," केन्जे म्हणाली.

गुरुवारी दुपारी जुन्या यंत्रांची आवृत्ती मिळाली, सीडी फिरली, आणि दीड मिनिटात पडद्यावर साधी निळी पाटी आणि खाली चार चित्रं आली. माउस हलला. खिडकी उघडली, मिटली. डबा हुशारलेला होता, अगदी चटपटीत. जापारचा जीव भांड्यात पडला. एवढा आनंद त्याला किती दिवसांत झाला नव्हता, आणि तो सांगायला टेबलाच्या पलीकडे कुणी पिशवी धरून उभं नव्हतं, हे त्याला त्याच क्षणी जाणवलं. पडद्यावर प्रश्न आला होता. ही यंत्रणा डिस्कवर कायमची बसवायची का, आणि डिस्कवर आहे ते सगळं पुसून टाकायचं का. पुसलं तर सगळंच सोपं होतं. स्वच्छ, कोरा, नवा डबा. आपांना चालताना दिसला असता, त्यात मुकाशचं काही उरलं नसतं आणि काही बघावंही लागलं नसतं. न बघता धुवायचं असतं. जापार त्या प्रश्नासमोर बराच वेळ बसला. मग त्याने प्रश्न बाजूला सारला आणि डिस्क उघडली. आपण चादर वर केली, असं त्याला स्पष्ट वाटलं, आणि तरीही त्याने ती उघडली.

आत काही नव्हतं असंच म्हणायला हवं. भूगोलाच्या प्रश्नपत्रिका. आपांच्या औषधांची यादी. एका लग्नातले फोटो, त्यात जापारही होता, केस असलेला. आणि झऱ्यांची यादी. तिच्या प्रती होत्या, दीडशेच्या वर, मुकाश दर वेळी वेगळी प्रत करून ठेवायचा. पहिल्या प्रती वाढत गेलेल्या दिसत होत्या. नव्वद झरे, एकशे चाळीस, दोनशे बारा. दोनशे बारावर ती थांबली होती. त्यापुढच्या प्रतींत एकही झरा वाढला नव्हता, आणि त्या सगळ्यांवर एकच तारीख होती, दोन हजार दोन सालच्या जानेवारीची पहिली. जापारला अर्थ कळायला वेळ लागला नाही. आतली नाण्याएवढी बॅटरी संपली होती. आपा आगीच्या भीतीने रोज तार काढून ठेवायला लावायच्या. तार निघाली की डबा वेळ विसरायचा आणि पुन्हा लावला की रात्रीच्या बारापासून मोजायला लागायचा, त्याच जुन्या एक तारखेपासून. घड्याळ मागे जातं, म्हणाला होता तो. एका साम्शाच्या, मांस भरलेल्या समोशाच्या, किमतीत मिळणारी बॅटरी, पाच मिनिटांचं काम. त्या पाच मिनिटांपायी मुकाशची शेवटची तीन वर्षं एकाच दिवसात कोंबली गेली होती. फक्त वेळा वेगवेगळ्या होत्या. बारा वाजून चाळीस मिनिटं. दोन वाजून दहा. तीन वाजून पाच. मग त्याच्या ध्यानात आलं की डबा बारापासून मोजतो, तेव्हा ही वेळ म्हणजे मुकाश डबा लावून किती वेळ बसला होता, तीच. दोन तास दहा मिनिटं. तीन तास पाच मिनिटं. एक अक्षरही न वाढवता. काय करत बसायचा हा, जापारने मनाशी म्हटलं. तो उठला, कोट घालून खाली गेला, रस्त्याखालच्या भुयारी वाटेतल्या घड्याळवाल्याकडून बॅटरी आणली आणि बसवली. मग डिस्कवर मुकाशच्या सामानाला धक्का न लावता कडेच्या मोकळ्या जागेत नवी यंत्रणा बसवली, आणि घड्याळ लावलं. गुरुवार, चार वाजून वीस.

शुक्रवारी दुपारी आपा आल्या. भाचा खाली गाडीत थांबला. चौऱ्याऐंशी वर्षांच्या आपांनी दोन मजले चढून येताना एकदाही कठड्याला धरलं नाही, असं केन्जे नंतर कौतुकाने सांगत होती. जापारने टेबलापुढे घरातली एकुलती एक हाताची खुर्ची ठेवली होती. आपा तिच्यात बसल्या, रुमालाची गाठ सैल केली आणि म्हणाल्या, "लाव."

त्याने कळ दाबली. दीड मिनिट तिघंही पडद्याकडे बघत राहिली. निळी पाटी आली.

"एवढ्यात? त्याच्याकडे तर माझा चहा उकळून व्हायचा."

"हलकी यंत्रणा बसवली, आपा. त्याच्या वयाला झेपेल अशी."

"मलाही बसव एखादी," आपा म्हणाल्या. केन्जे हसली. "आणि मुकाशचं? ते काढून टाकलंस?"

"सगळं आहे. झऱ्यांची यादी आहे. दाखवू?"

"नको. मला वाचता कुठे येतंय आता. आहे ना, बस्स." त्यांनी केन्जेच्या हातून चहा घेतला. जापारला वाटलं, झालं, इथे गप्प बसलो तर सगळं नीट पार पडेल, उद्या जेवण होईल, लोक विचारतील तेव्हा आपा सांगतील, चालतो. त्याने टेबलाची कड धरली.

"आपा, तुमचा फोन आला तेव्हा हा चालत नव्हता. मी वर्षभर लावलाच नव्हता."

"माहीत आहे. वर घमेलं ठेवलंय, म्हणाली ही. नवरोजला."

केन्जे एकदम साखरेच्या डब्यात काहीतरी शोधायला लागली.

"अजून एक आहे," जापार म्हणाला. "तो मला बोलवायचा. तीन वर्षं. येतो म्हणायचो आणि जायचो नाही. गुडघा वगैरे काही नव्हतं, आपा, नुसताच गेलो नाही. त्याला न्हाऊ घालायला तुम्ही माझं नाव घेतलंत, तेव्हा बोलायला हवं होतं. वाटा माझा नव्हताच. कपडे संपले म्हणून तुम्ही मला—"

"कपडे संपले? कुणी सांगितलं?" आपांनी कप खाली ठेवला. "कपाटात दोन कोट होते त्या दिवशी. अजून आहेत. एकाला कसर लागली."

जापारने धरलेली टेबलाची कड सोडली.

"रविवारी तो डोंगरात जायचा, आठवतं ना? बर्फ असलं तरी जायचा. मग जाणं सोडून दिलं. सकाळी दाढी करायचा, धुतलेला शर्ट घालायचा आणि याच्यापुढे बसायचा. मी म्हणायचे, अरे जा की, झरे बघून ये, तो काही येत नाही. तर म्हणायचा, आला आणि मी घरी नसलो तर? परत जाईल बिचारा." आपा हे रागाने बोलत नव्हत्या. बस कुठे थांबते ते सांगावं तसं सांगत होत्या. "उघडायचा, बघायचा, मिटायचा. जेवायला हाक मारीपर्यंत. तीन वर्षं माझा मुलगा तुझी वाट बघत याच्यापुढे बसला, जापार. कोट काय, कुणालाही देता आला असता. मी म्हटलं, आता तू बस."

केन्जे पाठमोरी उभी होती. आपांनी चहा शेवटपर्यंत प्यायला, पुरे म्हणून कप उपडा घातला आणि रुमालाची गाठ घट्ट केली. "उद्या नऊला ये. मांस कापायला हाताशी माणूस लागेल," त्या म्हणाल्या. मग खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर देऊन त्या उठल्या, बाजूला झाल्या, आणि तो अजून उभाच आहे असं पाहून त्यांनी खुर्ची त्याच्याकडे थोडी सरकवली.

जापार बसला.